जिवलीबाईंचं वय

अंधेरी, ३१ मार्च १९७६

देवजीभाऊंना नमस्कार,

मी मधुकर नाडकर्णी, मृत्यूच्या नोंदी करणारा कारकून. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही आरेतल्या पाड्यावरून चालत आलात, बायको जिवली गेली हे सांगायला. मी वय विचारलं. तुम्ही म्हणालात, "सायेब, आरेत गोठं बांधीत तवा ती इटा वाहायची. लगीन व्हायचं व्हतं."

आरेचे गोठे १९४९च्या सुमारास बांधले, हे मला ठाऊक होतं. हिशेब केला असता तर तीस-बत्तीस निघाले असते. पण पाड्यावरचं कुणी आलं की तोंडाकडे बघून वय टाकायचं, ही आमच्या टेबलाची रीत. तुमच्या सुरकुत्या बघितल्या आणि तिचं वय लिहिलं, अठ्ठावन्न. ती सहा महिने खोकत होती, म्हणालात. मी कारण लिहिलं, वार्धक्य.

पुढे पाड्यावर दवाखाना हवा का, हे ठरवायला साहेबांनी माझ्याच नोंदी काढल्या. "तिथे पिकलेली पानंच गळतायत," म्हणाले. मी गप्प बसलो. दवाखाना दुसरीकडे गेला.

हे पत्र बहुधा त्या दिवशी तुमच्यासोबत आलेली तुमची मुलगीच तुम्हाला वाचून दाखवेल. म्हणून पेटीत टाकायची हिंमत होत नाही.

आज मी रिटायर झालो. हार घालताना सगळे म्हणाले, "नाडकर्णी, अजून तरणेबांड दिसता!" घरी आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, ऐंशीव्या वर्षी, स्वतः उभी राहून.

मला आज अठ्ठावन्न पुरी झाली. जिवलीबाईंना मी तेवढीच दिली होती, नुसत्या शाईने.

तुमचा अपराधी,
मधुकर नाडकर्णी