टाकीवरची दुभंगी शेपटी

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिसली! घाईत अक्षर वाकडं येतंय — येऊ दे.

सकाळी सव्वासात. होटगी स्टेशनामागची पाण्याची जुनी टाकी. घरपाकोळ्या रोजच्यासारख्या घिरट्या घालत होत्या, तीस-पस्तीस. काळ्या, कमरेवर चुन्याचं बोट पुसल्यासारखा पांढरा डाग, शेपटी कात्रीनं सरळ कापल्यासारखी. त्यांच्यात एक लांबोडी. पंख विळ्यासारखेच, पण विळा मोठा. पांढरा डाग हिलाही. शेपटी मिटलेली, दाभणासारखी एकटोकी. म्हटलं, ऊन डोळ्यावर आलंय. तेवढ्यात ती वळायला कलली आणि शेपटी उघडली — दोन फाटे! चिमट्यासारखे!

खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आधी डोळ्यांपुढं आलं ते माझ्या जुन्या जोडीदाराचं, इसूफचं तोंड.

१० ऑक्टोबर

दोन तास मान वर. आली नाही. आता शंका खातेय. घरपाकोळी पिसं टाकते तेव्हा मधली पिसं गळून शेपटीला खाच पडते. तसलं काही तर नसेल? पण खाच ती खाच, फाटा तो फाटा. आणि थोराडपण कुठून आलं? चित्रांचं पुस्तक चारदा उघडलं. तीच, दुभंगी शेपटीची पाकोळी. आपल्याकडं चुकून-माकून वाट वाकडी करून येणारी.

चिमाबाई म्हणते, "आभाळातलं सगळं दिसतंय, ताटातलं मीठ संपलेलं तेवढं दिसत न्हाय." बायको म्हणून चाळीस वर्षं ऐकतोय.

गेल्या साली याच टाकीखाली काय झालं ते लिहून टाकतो. पोटात ठेवून कुजतंय.

नोकरीत मी रेल्वे फाटकावर, इसूफ पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. फाटक बंद केलं की मी फोनवर स्टेशन मास्तरांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खातरीचा गुप्त आकडा, सांगायचो, ते उतरवून घ्यायचे, मगच गाडीला सिग्नल. पाखरांचीही आम्ही तीच रीत ठेवली. बघताना तोंडातून नाव काढायचं नाही — एक बोलला की दुसऱ्यालाही तेच दिसायला लागतं. एकमेकांकडं पाठ करून चिठ्ठी लिहायची, बदलायची, आपापल्या घरी जाऊन उघडायची. जागेवर उघडली की भांडण! दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच नोंद वहीत. एकवीस वर्षं जुळत आल्या.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या चिठ्ठीत घरपाकोळ्या. त्याच्या चिठ्ठीत घरपाकोळ्या, आणि एक दुभंगी शेपटीची. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, चार माणसांत, मी विचारलं, "शेपटी बघितलीस का? शपथ घे." त्यानं मान खाली घातली. मग माझी जीभ सुटली. "न बघता लिहायला लागलास इसूफ. रुळावर असं केलं असतंस तर माणसं मेली असती."

ज्यानं आयुष्यात एक सांधा चुकीचा टाकला नाही त्याला हे! चहा अर्धा ठेवून उठला. पंधरा दिवसांत पोराकडं, मुबीनकडं, जुळे सोलापूरला राहायला गेला. वर्ष झालं. फोन नाही, ईदचा शीरखुर्मा नाही. मीही पीळ सोडला नाही.

११ ऑक्टोबर

आली नाही. फोन घेतला. ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

परत आली! दोनदा शेपटी उघडली. शंका मेली. चिमाबाई डबा घेऊन आली होती, तीही म्हणाली, एक पाखरू निराळंच किंचाळतंय. मला कुठलं ऐकू येतंय — उभा जन्म इंजिनाच्या शिट्ट्या खाल्ल्यात कानांनी.

म्हणजे तो खरं बोलत होता. वर्षभर मी खोट्याच्या खुर्चीत बसवलं त्याला!

फोन लावला. मुबीननं उचलला, बापाला दिला. मी एका दमात सांगून टाकलं — चुकलो, माझीच नजर आंधळी. तो म्हणाला, "कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन ठेव की. मंगळवारी येतो."

कसलाही टोमणा नाही. तेच जास्त लागलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आला! मुबीन रिक्षातून घेऊन आला, दंडाला धरून. वाळलाय. मी म्हटलं, गुडघे काय? "व्हय, गुडघेच," म्हणाला. मुबीन खाली बघत होता. मिठी मारली तर पहिल्यांदा माझ्या खांद्यालाच नाक आपटलं त्याचं. हसलो दोघं.

टाकीखाली बसलो, मुबीन बापाला चिकटून. दुर्बीण डोळ्याला लावली गड्यानं, टोपणं काढायचीच विसरला! "वर्षभरात सवय मोडली रे," म्हणाला. मी खूप चिडवलं. साडेसातला ती आली. मी तोंड दाबून धरलं, रीत ती रीत. तो वर न बघता मान कलती करून बसलेला. म्हटलं, मान दुखत असेल.

पाठ करून लिहिलं. चिठ्ठ्या बदलल्या. जाताना माझा हात धरून म्हणाला, "गुरु, आधी चहा पी, मग उघड."

१४ ऑक्टोबर, चहानंतर

अक्षर इसूफचं नाही. मुबीनचं.

"घरपाकोळ्यांची किलबिल. त्यांच्यात एक खरखरीत, लांब शीळ. दुभंगी शेपटीची. गेल्या साली हीच ऐकली होती. — गुरुचाचा, अब्बांनी सांगितलं, मी लिहिलं. आभाळातलं पाखरू त्यांना दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. आता माणूसही दिसत नाही. तुम्हाला कळलं तर सोबत नेणार नाही म्हणून बोलले नव्हते."

आणि मी चार माणसांत विचारलं होतं — शेपटी बघितलीस का.