फुलपात्रातला अंगारा

४ ऑगस्ट, सांगली
शिराळ्यापासून मांडीवर परात धरून बसले. ह्यांना रक्ताच्या उलट्या! लिव्हर खराब, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या, म्हणे. सुभेदार जयराज मिलिटरीतून घरी आले, पण कॅन्टीनची रम काही सुटली नाही! कितीदा बोलले, कितीदा भांडले.

दुर्बीण घालून शिरा बांधल्या. रक्त थांबलं. “घसा बधिर केलाय. मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही,” डॉक्टरांनी मला आणि आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, बजावलं. आत्यांनी मान डोलावली. त्यांना ह्यांच्याजवळ बसवून मी खाली औषधं आणायला गेले.

५ ऑगस्ट
ताप. धाप. ओठ निळे पडलेत.

६ ऑगस्ट
न्यूमोनिया! इंजेक्शननं झोपवून श्वासनलिकेत नळी घातली. डॉक्टरांवर तोंड सोडलं मी – शिरा बांधायला आणलं, फुप्फुस कसं बिघडलं? म्हणाले, “बधिर घशातून काहीतरी फुप्फुसात उतरलंय. कुणी काही पाजलं का?” कोण पाजणार? स्वतःची चूक आमच्या गळ्यात मारतात! लाज नाही.

संध्याकाळी –
सिस्टरनं नळीतून ओढलेला कफ दाखवला. राखाडी. आत्यांची पिशवी उपसली. फुलपात्र, आणि त्याच्या तळाला ओला अंगारा, गावच्या देवाचा!

“व्हय. म्याच पाजला,” खाली बघत म्हणाल्या.

सगळ्या वॉर्डासमोर वाट्टेल ते बोलले. लेकाचा जीव घ्यायला आला होता का? दिराबरोबर गावी धाडलं. परत तोंड बघायचं नाही मला.

९ ऑगस्ट
आज नागपंचमी. आत्यांचा फोन सकाळपासून वाजतोय. उचलत नाही! जा, म्हणावं.

१२ ऑगस्ट
नळी काढली. आवाज फाटलाय. पहिला प्रश्न – “आई कुठाय?”

“गावी धाडलं. अंगारा पाजला तुम्हाला.”

“तिनं न्हाई पाजला. पाण्यात कालवून, डॉक्टर म्हंतील तवाच घे म्हणून झाकून ठिवला हुता. ती जरा भाईर गेली आन् म्याच प्यालो. लय तहान लागलीती.”

“मग त्या ‘म्याच’ का म्हणाल्या?”

“तू मला बोलली असतीस.”

बाहेर येऊन आत्यांना फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. “नळी काढली का गं?” एवढंच विचारलं.