दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

आण्णा,

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या मुलानं मला नगरला दवाखान्यात नेलं. आमटीला मी दोनदा फोडणी दिली होती, आणि एकदा मंडईतून येताना घराची गल्ली सोडून पुढं गेले होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मेंदूचा फोटो दाखवला. त्यात पांढरे ठिपके. म्हणाल्या, "आजी, हे लकव्याचेच बारके झटके. मोठी रक्तवाहिनी तुंबली की हातपाय जातात, वाचा जाते. बारीक वाहिन्या तुंबल्या तर वरून काहीच कळत नाही. पण कामातला क्रम चुकतो, माणूस मंदावतो, गप्प होतो." त्या बोलत होत्या आणि मला कोल्हारचं आपलं शिंप्याचं दुकान दिसत होतं.

एकाहत्तर-बहात्तरचं साल असेल. मी सतरा वर्षांची, तुमच्या शेजारी पाट टाकून काजं-बटणं करायची. त्याच वर्षी तात्यांना, तुमच्या थोरल्या भावाला, लकवा झाला होता. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलायला जावं तर नुसता घरघर आवाज. पण डोळ्यांत सगळी ओळख होती. कोण आलं, कोण आलं नाही, त्यांना बरोबर कळायचं. गाव त्यांना भेटायला लोटायचं. आई त्यांना चमच्यानं पेज भरवायची. तुमचे हातपाय धड होते, म्हणून तुमच्याकडं कुणी बघितलं नाही. तुम्ही खडू हातात घेऊन कापडापुढं नुसते बसायचात. माप दोनदा घ्यायचात, तिसऱ्यांदा मला विचारायचात. आई म्हणायची, "भावाचं बघून ह्यांचं कामातलं मनच उडालंय."

मग एक बाई आल्या, मुलाच्या लग्नाचा कोट न्यायला. लग्न चार दिवसांवर. त्या कोट उलटसुलट करून बघतायत, आणि त्यांचा चेहरा बदलतोय.

"मास्तर, ह्या दोनी बाह्या उजव्याच हाताच्या हायत की! माझ्या पोरानं काय घालावं आता?"

तुम्ही कोट हातात घेतला. बराच वेळ बघितला. तुम्हाला चूक दिसतच नव्हती, आण्णा. आता मला ते कळतं. दारात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला वाटलं, कसब गेलेल्या शिंप्याकडं उद्या कोण येईल? त्यापरीस एक दिवस पिऊन चुकलेला माणूस बरा. मी मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, तुमी पिऊन बसलाय का?"

सकाळपासून मी तुमच्या शेजारी होते. चहाशिवाय तुमच्या पोटात काही नव्हतं. जन्मात तुम्ही थेंब घेतला नव्हता. तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि हळू म्हणालात, "व्हय. जरा जास्तच झाली."

माझं खोटं झाकायला म्हणालात, की तुम्हाला स्वतःलाच काय झालं ते सांगता येईना म्हणून, हे मी पन्नास वर्षं ठरवू शकले नाही. बाईंचं कापड भरून दिलं. घरी जाताना तुम्ही एवढंच बोललात, "पोरी, कापताना मला फुडचं दिसंना झालंय." तुम्ही पुन्हा कात्री धरली नाहीत. गावात मात्र तुम्ही दारुडे झालात. तात्यांच्या खाटेपाशी माणसं बसायची, तुमच्या ओट्यावरून नजर चुकवून पुढं जायची. तुम्हाला माणसं कळेनाशी झाली तेव्हाही आईनं बाटली शोधायला पेटीतले कपडे उपसले. दीड वर्षानं तुम्ही गेलात. खांदा द्यायला चार माणसंही कशीबशी जमली. तात्या तुमच्यामागं सहा वर्षं जगले.

हे सगळं लिहायला मला तीन दिवस लागले. मधेच शब्द हरवतो, मग मी तिथंच थांबते, आणि तुम्ही खडू घेऊन नुसते का बसायचात ते मला आता ठाऊक आहे. कागद घडी करून उशीखाली ठेवते. थोरल्याला तो सापडू नये असं अजून वाटतं.

कारण डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं होतं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?" मी म्हणाले, चुलत्यांना. थोरला म्हणाला, "आणि आजोबा? ते प्यायचे ना गं?"

मी हो म्हणाले, आण्णा.