जोड्या जुळवायची रीत

बोरगाव मेघे, वर्धा
३ नोव्हेंबर २०२५

ती. जंगूमामांस भाची गुंजनचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोन लागत नाई, म्हणून हा कागद. नोकरीच्या परीक्षेत मी आपटले. अजून एकच संधी आहे, १६ तारखेला. तेव्हाही हुकलं तर तुम्ही पाहिलेला समुद्रपूरचा पोरगा पाहाले येईन, कबूल केलंच आहे. पण खरं सांगते मामा, मले आत्ता लग्न नाई करायचं.

सवाल असा. कम्प्युटर प्रत्येक आकडा एक-शून्यात लिहिते. पाच म्हणजे १०१, सहा म्हणजे ११०. दोन आकडे एकाखाली एक ठेवायचे. दोघांतही एक आहे त्या जागांची एक संख्या करायची, एकातच आहे त्या जागांची दुसरी. पाच-सहाची पहिली १००, दुसरी ०११. पहिली मोठी आली तर ती जोडी धरायची. लाखभर आकड्यांत अशा जोड्या किती? मी प्रत्येकाले प्रत्येकाशी भिडवलं. पाचशे कोटी जोड्या, बाप्पा! वेळ संपला तरी मशीन चालूच.

मामीले नमस्कार. रागावा, पण माया कमी करू नका.

तुमची गुंजन

मु. टेकडीपल्याड, पो. गिरड
९ नोव्हेंबर

चि. गुंजन हिस मामाचे अनेक आशीर्वाद. जय सेवा.

तुह्या सवालातलं मले अर्धंही समजलं नाई. पण येड्यावानी एवढी मेहनत काऊन करून राह्यली? समाजाच्या लग्नमेळाव्यात दोनशे पोरं, दोनशे पोरी येते. मी का एकेकाले एकेकीशी लावून पाहातो? आधी देव पुसतो, म्हंजे घराणं किती देवायचं ते. चार देववाले इकडं, पाचवाले तिकडं, सहा अन् सातवाले वेगळे. एका देवाचे सारे भाऊबहीण, त्यायचं लग्न होतच नाई. एकेकाले एकदाच पुसलं का झालं. तुह्या आकड्यायले देव नाई का? पाहून घे.

समुद्रपूरचा पोरगा मास्तर आहे, सरळ आहे. माहा जीव त्याच स्थळावर आहे, लपवत नाई. तरी परीक्षा मन लावून देजो अन् मामाले विसरू नको.

जंगूमामा

बोरगाव मेघे
२० नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

आकड्यायले देव सापडला! सगळ्यात डावीकडचा एक उजवीकडून कितव्या जागेवर आहे, तोच त्याचा देव. दोघांचा सारखा असला तर तो एक पहिल्या संख्येत येतो, दुसरीतून गळतो, म्हणून पहिलीच मोठी. देव वेगळे असले तर दुसरी मोठी. इथं तुमच्या उलटं, एका देवाचेच जमतात. प्रत्येक आकडा एकदाच पाहिला अन् गट पाडले. गटात दहा असले तर पंचेचाळीस जोड्या. परीक्षेत पुन्हा असाच सवाल आला अन् उत्तर लगेच आलं.

नोकरी लागली मामा, नागपूरले, १५ डिसेंबरपासून! मी ढसाढसा रडले. तुमच्याच रीतीनं तुमचं स्थळ मोडलं, माफ करा.

तुमच्या आशीर्वादाची धनी,
गुंजन

गिरड
२६ नोव्हेंबर

चि. गुंजन हिस आशीर्वाद. जय सेवा.

समुद्रपूरले मीच गेलतो. पोराच्या मायले सांगतलं, पोरगी नोकरीवर चालली. मले वाटलं, आता बोलणी बसते. मंग तिनं आपल्या पोरीले बाहेर बोलावलं. चंचल नाव, बारावीत आहे. म्हणे, सून नाई तं नाई, पण नागपूरले जायच्या आधी चार दिवस हिले शिकवाले येईन का तुमची भाची?

मी हो म्हणून आलो. तुले न पुसता दिलेला हा माहा शेवटचा होकार.

माया आहेच, ती मागायची नसते.

जंगूमामा