हिरव्या चिंधीची कात्री

आदरणीय मामी,

सप्रेम जय भीम. लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. आधी पेन सापडेना, मग शाई वाळलेली निघाली, आणि दोन्ही जमलं तोवर माझी हिंमत वाळली. तुमचा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर वाकू नका, साक्षीताईकडची भांडी घासायला घेऊ नका आणि (हे माझं मत, डॉक्टरांचं नाही) कुठलीच गोष्ट फार निरखून बघू नका. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "पुढं?" म्हणता आणि मला पुढचं काही आठवत नाही.

तुम्ही ऑपरेशनसाठी साक्षीताईकडे इंदिरानगरला जाताना एवढंच म्हणालात, "बंटी, द्राक्षाच्या छाटणीच्या आधी कात्र्या, खुरपी साफ करून ठेव." मी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यात व्हिनेगर सांगितलं होतं. आणायला पिंपळगावात गेलो तर वाटेत टोमॅटोचा लिलाव लागला (बोली लावणारा श्वास कधी घेतो ते बघत उभा राहिलो, घेतच नाही) आणि दुकान बंद झालं. म्हणून चिंचेच्या पाण्यात भिजवल्या. तासाभरात काढायच्या होत्या, पण तेवढ्यात नईम आला, लासलगावला नवा ट्रॅक्टर बघायला चल म्हणाला. ट्रॅक्टर चांगला होता. परत आलो दुसऱ्या दिवशी (त्याच्या आईनं, जहिदाचाचींनी बिर्याणी केली होती, माणसानं किती नाही म्हणायचं). तोवर कात्र्यांच्या स्प्रिंगा गंजून बसल्या होत्या.

मामी, मला खरंच वाईट वाटलं. मग असा भिडलो की विचारू नका. पॉलिश पेपर मारला, कानशीनं धार लावली, ऑइल दिलं. मुठींवर कसल्याकसल्या मळक्या चिंध्या होत्या, त्या सोलून बंबात घातल्या. मुठींना लाल रंग दिला. भिंतीवर ओळीनं टांगल्यावर फोटोसुद्धा काढला, कारण सुरू केलेलं काम मी आयुष्यात पहिल्यांदा संपवलं होतं. त्याच बंबाच्या पाण्यानं अंघोळ करून बाहेर येतो तर छायामावशी दारात. छाटणीच्या बाया कधी आणू, विचारायला आलेल्या.

"आरं, यातली माझी कुठली?"

"कुठलीही घ्या की मावशी. सगळ्या नव्यासारख्या झाल्यात."

"नव्यासारख्या करायला सांगितलं कुणी? माझीला वेणीची रिबीन व्हती, यशोदाबाईच्या कात्रीला सायकलची ट्यूब. आन् हिरव्या चिंधीची कुठंय?"

"ती कुणाची?"

"तुझ्या मामाची! चिंधी मामीच्या साडीची. ते गेल्यापास्नं मामी लय जपते तिला, कुणाला हात लावू देत नाय."

मग त्या माझ्या ओल्या केसांकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून रोज एकेक कात्री हातात घेऊन बघतो. मला पहिली काडी मामांनीच छाटायला लावली होती, माझा हात त्यांच्या हातात धरून. तो हात आठवतो, कात्री आठवत नाही. इतकी वर्षं येतोय-जातोय, पण तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूकडे मी कधी नीट बघितलंच नाही. माफ करा.

तुमचा,
बंटी

ता. क. मामांची कात्री सापडली! हिरवी चिंधी जशीच्या तशी. वेगळ्या खिळ्याला टांगून ठेवलीय.

ता. क. २. वरचं खोटं आहे. चिंधी नईमच्या बहिणीच्या, तबस्सुमच्या शिवणकामातली. खालचा लाल रंग दिसू नये म्हणून जाड गुंडाळलीय. ती खरी धरा असं म्हणणार होतो, पण आता म्हणवत नाही. मागणं एकच आहे. मला लगेच हाकलू नका. सुरतहून आलो, सिन्नरहून आलो, दर वेळी कामं अर्धी टाकूनच आलो. एक छाटणी तरी शेवटच्या वेलापर्यंत करून जाऊ द्या.

ता. क. ३. हे पत्र घेऊन जायला दिनेशचा टेम्पो आलाय. पुढच्या सीटवरून काळा चष्मा लावून कुणी तरी उतरतंय. मामी, तुम्हीच! आणि उतरल्या उतरल्या पिशवीतून कात्री काढून फाटकावरचा वेल छाटताय. मुठीवरचं हिरवं मला इथूनही दिसतंय. म्हणजे जाताना बरोबरच नेली होती! (माझ्या भरवशावर ठेवली नाहीत, फार बरं केलंत.) येतोच पिशवी धरायला. आधी खिळ्यावरची ती दुसरी उतरवतो.