एक माणूस, एक सही

४ जानेवारी
ठरलं. प्लास्टिक खुर्च्यांचा कारखाना शेजारच्या देशात हलवायचा. वडिलांच्या एका मशिनवर वीस वर्षांत उभा केला, आता वाढायला जागा नको? इथं दीड वर्षात तीन सरकारं पडली. नवीन शेडच्या परवानगीसाठी अकरा महिने खेटे घालतोय. शेजारणीनं मशिनच्या आवाजाची तक्रार केली, तर कोर्टानं तिचं ऐकूनही घेतलं. तिथं बावीस वर्षं एकच मोठे साहेब. एक माणूस, एक सही. धंद्याला स्थैर्य लागतं.

५ जानेवारी
बायको म्हणाली, आपल्या निम्म्या खुर्च्या निवडणुकीच्या सभांना जातात, तिथं निवडणुका असतात का? तिला मोठं चित्र दिसत नाही. म्हटलं, सभा तिथंही होतात. उलट, तिथं लोक हमखास येतात.

२० फेब्रुवारी
मशिनं पोचली. परवानगी चाळीस मिनिटांत, त्यातली तीस चहात गेली. अधिकाऱ्यानं फॉर्म वाचलासुद्धा नाही. याला म्हणतात विश्वास. मी अटी वाचायला मागितल्या, तो हसला. मग मीही हसलो.
संकल्प: राजकारणाच्या बातम्या बंद. पेपरात तसंही रोज एकच फोटो.

१० एप्रिल
परेडसाठी चाळीस हजार खुर्च्यांची सरकारी ऑर्डर! बायकोला लगेच फोन केला. जरा आवाज चढवूनच सांगितलं.

२ मे
परेड झाली. साहेब तीन तास बोलले. पहिल्या रांगेतल्या एका मंत्र्याला माझ्या खुर्चीत गाढ झोप लागली. क्वालिटी बोलते ती अशी.

३ मे, सकाळी
मंत्री घरी परतलेले नाहीत. सार्वजनिक ठिकाणी बसायला आजपासून बंदी. बँक, शाळा, दवाखाना, सगळीकडे उभं राहायचं. न्हाव्यानं माझी दाढी उभ्यानंच केली, दोनदा कापलं. टेम्पररी असणार.

९ मे
अधिकाऱ्याला परवानगी दाखवली. तो म्हणाला, सही साहेबांची, बंदीही साहेबांचीच, मग अडचण काय? लॉजिक पक्कं आहे. दाद कुठे मागायची, असं विचारलं. त्यानं उठून दार लावलं आणि हळूच सांगितलं, हे पुन्हा कुणाला विचारू नका. भला माणूस.

१० मे
बायकोचा फोन. तिकडे चौथं सरकार पडलं, पुन्हा निवडणुका, बाजारात खुर्ची मिळेना. म्हटलं, बघ, केवढी अस्थिरता.

१७ मे
कारखाना स्वखुशीनं राष्ट्राला अर्पण केला. स्वखुशीचा कागद त्यांनी टाइप करूनच आणला होता. आता तिथं रस्ते अडवायचे कठडे बनतील. सगळं अकरा मिनिटांत. आपल्याकडे जप्तीलाच दहा वर्षं लागली असती.

१८ मे
दोन वकिलांकडे जाऊन आलो. एकानं माझं ऐकायच्या आधीच स्वतःच्या मुलांचे फोटो दाखवले. दुसरा खिडकीत दिसत होता, पण घरी नव्हता.
बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, तुम्ही परत या. तेव्हा मात्र रडू आलं, खोटं कशाला लिहू.
दुपारी चौकात जाऊन मोठ्यानं ओरडलो, माझा कारखाना लुबाडला. लोक खाली बघत निघून गेले. चूक तुझीच, असं तरी कुणी म्हणेल म्हणून तासभर थांबलो. अख्ख्या शहरात माझ्याशी भांडायला एक माणूस तयार नाही.