अण्णाच्या डोक्यावरच्या जांभळ्या खुणा

बंगळूर, सोमवार, २१ ऑगस्ट १९६७

आज अगदी वैतागले आहे. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या मेंदूतली गाठ झपाट्यानं वाढते आहे, आणि किरणोपचाराचा एक दिवस फुकट गेला. का, तर आईनं काल त्याला तेल लावून न्हाऊ घातलं आणि डॉक्टरांनी डोक्यावर काढलेल्या जांभळ्या खुणा पार धुऊन टाकल्या.

त्या खुणा म्हणजे काय खेळ होता? मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रे काढले, तेव्हा कुठे गाठीची जागा कळली. तिथेच नेमके किरण पडावेत म्हणून त्या मोजून काढल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "स्वल्प जरी सरकलं तरी गाठ राहील आणि चांगला मेंदू भाजेल. पुन्हा मोजावं लागेल. उद्या या."

घरी येऊन आईवर ओरडले. "तुला खुणा दिसल्या नाहीत?"

"दिसल्या की. शाईचे डाग वाटले. अर्धशिशीला कोण खुणा करतं?"

अर्धशिशी. हे मीच तिला सांगितलं होतं, अण्णानं सांगायला लावलं म्हणून. आता चिडायचं कुणावर?

मग खरं ते सांगून टाकलं. अण्णा खाली मान घालून बसला होता.  आई त्याच्याजवळ जाऊन मला म्हणाली, "कुठे आहे? नीट दाखव." मी त्याच्या उजव्या कानाच्या वर बोट ठेवलं. तिनं तिथे आपला तळहात ठेवला.

"उद्या मीही येते. डॉक्टरांना काय विचारायचं ते मी विचारीन."

अण्णा नको म्हणाला नाही.